बोगदा, भोवरा, कोळिष्टक, पोळं

एक जोडचित्र मोबाइलवर अधूनमधून फिरत असतं. डावीकडे श्रीयंत्र, उजवीकडे सायकेडेलिक पोस्टरवरचं झगझगीत चक्र. खाली ओळ: ‘ध्यानात ऋषींना दिसलेली विश्वाची रचनाच एलएसडी घेणाऱ्यांनाही दिसते.’ मग मेंदूतली चिमुकली पिनिअल ग्रंथी म्हणजे तिसरा डोळा, ती डीएमटी (एलएसडीसारखंच भास घडवणारं द्रव्य) स्रवते, वगैरे पुढचं सगळं ओघानं येतं.

यातला एक धागा खरा आहे आणि तो फार सुंदर आहे, म्हणून हा लेख. नशेत, तापाच्या ग्लानीत, अर्धशिशीत किंवा लुकलुकत्या उजेडात वेगवेगळ्या देशांतल्या माणसांना आश्चर्य वाटावं इतके सारखे आकार दिसतात. पण ते विश्वाचे नसतात. ते आपल्या डोक्याच्या मागच्या भागातल्या वायरिंगचे असतात, आणि हे गणितानं दाखवता येतं.

हाइनरिश क्ल्यूवर या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकात पेयोटी या निवडुंगाचा प्रयोग स्वतःवर केला. त्यातलं मुख्य द्रव्य मेस्कलिन. मिटल्या डोळ्यांसमोर काय काय येतं त्याच्या नोंदी त्यानं ठेवल्या, इतरांची वर्णनं त्यांच्याशी ताडून पाहिली आणि सगळा पसारा चार कुळांत बसवला. पहिलं जाळी, बुद्धिबळाचा पट, मधमाश्यांचं पोळं. दुसरं कोळिष्टक. तिसरं बोगदा किंवा नरसाळं. चौथं भोवऱ्यासारखं वळत जाणारं चक्र. एलएसडीचा परिणाम तेव्हा कुणालाच माहीत नव्हता. रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट हॉफमन यांनी ते १९३८ मध्ये बनवलं आणि त्याचा अनुभव त्यांना १९४३च्या एप्रिलमध्ये आला. पुढे १९६६-६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या संगीत मैफलींची पोस्टर्स वेस विल्सन, व्हिक्टर मॉस्कोसो ही मंडळी करू लागली, तेव्हा वितळती अक्षरं आणि एकमेकांशी भांडणारे रंग यांच्या जोडीला तीच चक्रं आणि तेच बोगदे कागदावर उतरले. १९९०च्या दशकात गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर ट्रान्स या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताच्या पार्ट्यांत अतिनील दिव्याखाली चमकणारे कापडी पडदे लागायचे, त्यांवरही हीच मंडळी हजर.

एकमेकांचं बघून काढली असतील, असं म्हणता येईल. चित्रांबाबत ते काही अंशी खरंही आहे. क्ल्यूवरच्या चार कुळांना मात्र ते लागू होत नाही, कारण हे आकार दिसायला चित्र लागत नाही, औषधही लागत नाही. यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञानं १८१९च्या सुमारास मिटले डोळे सूर्याकडे करून समोर बोटं पटापट हलवली. उजेड-अंधार, उजेड-अंधार. त्याला चौकटी दिसल्या, षटकोन दिसले, चक्रं दिसली.

हे आकार डोळ्यात तयार होतात का? दृष्टी गेलेल्या काही व्यक्तींनाही एलएसडीनंतर भास झाल्याची नोंद १९६०च्या दशकातल्या अभ्यासात आहे, म्हणजे दृष्टिपटलाशिवायही काम भागतं. शिवाय नजर हलवली की आकारही नजरेबरोबर सरकतात. म्हणून संशय जातो तो मेंदूच्या प्राथमिक दृक्-बाह्यकावर. बाह्यक म्हणजे मेंदूचा बाहेरचा सुरकुतलेला थर. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या बाह्यकात सर्वात आधी इथे उतरते. जागा कवटीच्या अगदी मागे, मानेच्या वर.

या जागेचा नकाशा आपल्याला युद्धामुळे मिळाला. १९०४-०५च्या रशिया-जपान युद्धात वेगवान गोळ्या काही सैनिकांच्या डोक्यातून आरपार गेल्या आणि तरी ते वाचले. त्यांची दृष्टी किती गेली आणि त्यानुसार निवृत्तिवेतन किती द्यायचं, हे ठरवायचं काम टात्सुजी इनोये या तरुण नेत्रतज्ज्ञाकडे होतं. गोळी कुठून आत शिरली, कुठून बाहेर पडली आणि दृश्याचा कोणता तुकडा काळा झाला, हे त्यानं एकेका रुग्णाचं मांडलं. त्यातून दिसलं की समोरच्या दृश्याचा प्रत्येक भाग बाह्यकाच्या ठरावीक भागात उतरतो, आणि नजरेच्या मध्याला फार मोठी जागा मिळते. आज आपण जाणतो की नजरेच्या मध्याभोवतीचे जेमतेम १० अंश या बाह्यकाची निम्म्याच्या आसपास जागा व्यापतात. वाचताना उपयोगी पडतो तो हाच भाग. कडेच्या दृश्याची बोळवण उरलेल्या जागेत.

मध्य मोठा आणि कडा आकसलेल्या, हे एका साध्या नियमानं होतं. नजरेच्या मध्यापासून अंतर दुप्पट झालं की बाह्यकावर आपण साधारण तेवढंच एक पाऊल पुढे सरकतो. पुन्हा दुप्पट, पुन्हा तेवढंच पाऊल. शाळेतला लघुगणक तो हाच. या हिशेबानं नजरेच्या मध्याभोवती काढलेलं वर्तुळ बाह्यकावर एक सरळ रेघ होतं, वरून खाली जाणारी. मध्यातून बाहेर निघणारा किरण हीसुद्धा सरळ रेघच, पण मागून पुढे जाणारी. आणि भोवऱ्यासारखं चक्र होतं तिरकी रेघ. १९८२ मध्ये एका प्रयोगात माकडांना लुकलुकणारी वर्तुळं आणि किरण दाखवून, कोणत्या चेतापेशी कामात होत्या ते किरणोत्सारी साखरेसारख्या द्रव्यानं टिपलं. बाह्यक सपाट करून त्याचं छायाचित्र घेतलं तर गोलांच्या जागी जवळजवळ सरळ रेघांची जाळी उमटलेली होती.

आता उलट दिशेनं विचार करा. समजा, डोळ्यांकडून काहीच आलं नाही, पण बाह्यकावर आपोआपच सारख्या अंतराचे पट्टे उमटले. बाह्यकाच्या या भागाकडून ज्याला माहिती मिळते तो मेंदूचा भाग ते नेहमीच्याच नकाशानं वाचणार. उभे पट्टे आले तर त्याला एकात एक वर्तुळं दिसतील. मध्याकडे बारीक आणि दाट, कडेकडे रुंद आणि विरळ. म्हणजेच बोगदा. आडवे पट्टे आले तर किरण, तिरके आले तर भोवरा. एकरेघी वहीचं पान गुंडाळून नळी करा आणि आतून बघा: रेघा नळीभोवती फिरत असतील तर गोल दिसतात, नळीच्या लांबीनं जात असतील तर किरण, पान तिरकं गुंडाळलं असेल तर चक्र. पान तेच, रेघा त्याच. बोगद्याची खोली मेंदूत कुठेच नाही. सरळ पट्टे आणि वाकडा नकाशा एवढंच तिथे आहे.

पण पट्टे आपोआप का उमटावेत? मला या विषयातला हा भाग सगळ्यात जास्त आवडतो.

अ‍ॅलन ट्युरिंग या गणितज्ञानं १९५२ मध्ये प्राण्यांच्या अंगावरचे ठिपके-पट्टे कसे तयार होत असतील यावर शोधनिबंध लिहिला. एकसारखी, सपाट अवस्था काही परिस्थितीत स्वतःहून मोडते आणि नक्षी उमटते, हा त्याचा गाभा. शिकागो विद्यापीठात जॅक कोवान आणि त्यांचा विद्यार्थी बार्ड अर्मेनट्राउट यांनी १९७९ मध्ये हीच कल्पना दृक्-बाह्यकाला लावली. क्ल्यूवरनंही पुढे याच विद्यापीठात अनेक वर्षं काम केलं होतं.

बाह्यकातल्या चेतापेशी जवळच्या शेजाऱ्यांना चेतवतात आणि थोड्या दूरच्यांना दाबतात. एरवी दाब पुरेसा असतो, सगळं शांत राहतं आणि डोळ्यांकडून येईल तेवढंच उमटतं. आता पेशींची चेतनाक्षमता जरा वाढवा. एलएसडी, सायलोसायबिन, मेस्कलिन ही द्रव्यं सिरोटोनिन या मेंदूतल्या निरोप्या रसायनाच्या एका विशिष्ट ग्राहीवर, म्हणजे पेशीवर ते रसायन जिथे येऊन बसतं त्या जागेवर, काम करतात, त्याचं नाव ५-एचटी२ए. १९९८ मध्ये दिसून आलं की केटॅन्सेरिन या औषधानं तो ग्राही आधीच अडवला तर सायलोसायबिनचा मानसिक परिणाम अडतो. तर चेतना वाढली, आणि कुठेतरी योगायोगानं पेशींचा एक छोटा घोळका किंचित जास्त जागा झाला. तो शेजाऱ्यांना उठवतो आणि थोड्या दूरच्यांना दाबून टाकतो. हे दबलेले घोळके आता आपल्या पलीकडच्यांना दाबू शकत नाहीत, त्यामुळे पलीकडचे मोकळे होऊन उठतात. तेही आपल्या पलीकडच्यांना दाबतात. जागे, निजलेले, जागे, निजलेले: क्षणात सगळ्या बाह्यकावर पट्टे उभे राहतात. पट्ट्यांची रुंदी कुणी आखून दिलेली नसते, ती चेतवण्या-दाबण्याच्या पल्ल्यांतून ठरते. काही वेळा पट्ट्यांऐवजी चौकोनांची किंवा षटकोनांची जाळी स्थिर होते. नकाशातून वाचल्यावर तिचं होतं मध्याकडून कडेकडे मोठं होत जाणारं पोळं.

कोळिष्टकं आणि बारीक रेषांची जाळी या हिशेबात नीट बसत नव्हती. ती कसर पॉल ब्रेसलॉफ, कोवान, मार्टिन गोलुबित्स्की आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये भरून काढली. ह्यूबेल आणि वीझेल या मेंदूशास्त्रज्ञांनी (१९८१चं नोबेल) दाखवलं होतं की इथल्या बहुतेक पेशी एकेका ठरावीक कलाच्या, म्हणजे तिरकेपणाच्या, रेषेला जास्त प्रतिसाद देतात. त्यामुळे बाह्यकाच्या प्रत्येक बिंदूला जागेसोबत कलाचा कोनही जोडावा लागतो. बाह्यकाचं प्रतल फिरवलं की कोनही तेवढाच फिरवायचा, नाहीतर दूरच्या पेशींमधल्या जोडण्यांची सममिती टिकत नाही. सरकवणं, फिरवणं आणि आरशातलं उलटणं या क्रियांचा हा समूह प्रतलावर आणि कोनावर एकाच वेळी काम करतो. सपाट अवस्था मोडताना कोणत्या नक्षी उरू शकतात, याची यादी त्या समूहाच्या सिद्धान्तातून निघते. त्या यादीत क्ल्यूवरची चारही कुळं सापडतात. सत्तर वर्षांहून जुन्या, हातानं लिहिलेल्या नोंदी समूह-सिद्धान्तातून बाहेर पडाव्यात, याहून मोठा अद्भुत अनुभव मला ठाऊक नाही.

नकाशा खरा आहे याची औषधाशिवायची साक्षही आहे. कार्ल लॅशली या शास्त्रज्ञाला अर्धशिशीचा त्रास होता. झटका येताना दृष्टीच्या मध्याजवळ चमकती नागमोडी कड उगवायची आणि सरकत बाहेर जायची. ठरावीक वेळानं त्यानं ती कागदावर काढून ठेवली. डोळ्यांसमोर ती बाहेर जाताना वेग घेत जाते. पण बाह्यकाच्या नकाशावर मांडली तर मेंदूतली लाट संथ, एकसारख्या गतीनं चाललेली निघते. त्यानं १९४१ मध्ये काढलेला वेग होता मिनिटाला सुमारे ३ मिलिमीटर.

श्रीयंत्राकडे परत येऊ. नऊ त्रिकोण एकमेकांत असे गुंफायचे की अनेक ठिकाणी तीन-तीन रेषा नेमक्या एका बिंदूत मिळाव्यात, हे काढून बघा म्हणजे कळेल किती कठीण आहे. एक रेष केसभर हलली की दुसरीकडचा बिंदू फुटतो. क्ल्यूवरच्या चार कुळांत असलं काही नाही, पट्ट्यांच्या गणितातही नाही. ते भूमितीचं आणि कसबी हाताचं काम आहे. त्याला ग्लानीत दिसलेलं म्हणणं हा ते आखणाऱ्यांचा अपमान आहे. पिनिअल ग्रंथीबद्दल सांगायचं तर माणसात ती असे भास घडवण्याइतकं डीएमटी स्रवते याचा पुरावा नाही, आणि वरच्या संपूर्ण स्पष्टीकरणात तिची गरजही पडत नाही. ट्रान्सचा ठेका मेंदूच्या अल्फा लहरींशी जुळतो असंही सांगतात. मिनिटाला १४५ ठोक्यांच्या गतीत प्रत्येक ठोक्याचे चार भाग केले तर सेकंदाला ९.७ येतात आणि अल्फा लहरी ८ ते १३, हे बरोबर. पण आकडा जुळला म्हणून कानातून आलेला ठेका डोळ्यांसमोर पोळं उभं करतो, असं होत नाही.

लुकलुकत्या उजेडाचं मात्र तसं नाही. डिसेंबर १९५८ मध्ये चित्रकार ब्रायन गायसिन मार्सेलकडे बसनं जात होता. रस्त्याकडेच्या झाडांतून मावळता सूर्य लपत-चमकत होता, त्यानं डोळे मिटले आणि रंगांचा पूर आला. पुढे त्याचा मित्र इयन समरव्हिलनं ७८ फेऱ्यांच्या ग्रामोफोनच्या तबकडीवर खाचा पाडलेली पुठ्ठ्याची नळी उभी केली आणि आत बल्ब टांगला. त्यांचं हे ‘ड्रीममशीन’ डोळे मिटून बघायचं. घरी करायला जाऊ नका. लुकलुकत्या उजेडानं काहींना अपस्माराचा झटका येतो. डिसेंबर १९९७ मध्ये जपानात एका कार्टूनमधल्या लाल-निळ्या झगमगाटानं ६०० हून अधिक जणांना, बहुतेक मुलांना, रुग्णालयात न्यावं लागलं होतं.

सगळं उलगडलं असं नाही. भासात चेहरे येतात, प्राणी येतात, ओळखीची माणसं येतात. ती मेंदूतल्या नंतरच्या टप्प्यांची करणी, कोवान यांच्या समीकरणांची हद्द त्याआधीच संपते. पण त्या हद्दीच्या आत ती समीकरणं किती घट्ट बसतात याचा एक प्रयोग २००७ मध्ये बिलॉक आणि त्सू या संशोधकांनी प्रसिद्ध केला. पडद्याच्या मध्यभागी त्यांनी खरे किरण काढले आणि भोवतालची रिकामी जागा लुकलुकवली. बघणाऱ्यांना त्या रिकाम्या जागेत वर्तुळं दिसली. मध्यभागी वर्तुळं काढली तर भोवती किरण दिसले. बाह्यकाच्या नकाशावर मांडलं तर दोन्ही वेळा घडतं ते एकच: खऱ्या पट्ट्यांना खेटून, त्यांच्या काटकोनात, नसलेले पट्टे उभे राहतात.