जुन्या शॉटगनची पारख

संग्रहासाठी घ्यायच्या जुन्या शॉटगनच्या नळ्या, अ‍ॅक्शन (नळ्या बंद करून बार उडवणारी यंत्रणा), दस्ता, ठसे आणि कागदपत्रे तपासून तिची अवस्था आणि अस्सलपणा ठरवण्याची पद्धत. ही पारख मुख्यतः साधारण १८६० ते १९४० या काळातल्या मोडत्या (बिजागरीवर उघडणाऱ्या) दुनळी बंदुकींना लागू होते. लेफोशेच्या पिनफायर (काडतुसाला बाहेर पिन असणाऱ्या) बंदुका, बाहेर घोडे असलेल्या सेंटरफायर (काडतूस बुडाच्या मध्यावर पेटणाऱ्या) बंदुका, १८७५ च्या अ‍ॅन्सन व डीली पेटंटवर बेतलेल्या बॉक्सलॉक (यंत्रणा अ‍ॅक्शनच्या पोटात असलेल्या) आणि लंडन, बर्मिंगहॅम, लिएज, झूल, सेंतेतिएन, एइबार इथल्या कारागिरांच्या साइडलॉक (यंत्रणा बाजूच्या पट्ट्यांवर असलेल्या) या तिच्यात येतात. पार्कर, एल. सी. स्मिथ, फॉक्स या अमेरिकी दुनळ्यांनाही ती तितकीच उपयोगी आहे.

तपासणीची सुरुवात नळ्यांपासून करावी. दस्ता दुरुस्त होतो, कमान नवी बसते, कोरीवकाम पुन्हा उजळता येते. नळीतून एकदा निघून गेलेला धातू मात्र परत येत नाही. खरेदीदाराची नजर आधी कोरीवकामावर आणि अक्रोडाच्या रेषांवर जाते, आणि फसगत बहुतेकदा तिथेच होते.

बंदूक हातात घेताच तोंड सुरक्षित दिशेला धरून ती मोडावी आणि दोन्ही चेंबर (नळीच्या बुडाशी काडतूस बसते त्या जागा) रिकामी असल्याची खात्री करावी. मग फोरएंड (नळ्यांखालचा लाकडी भाग) काढून नळ्या वेगळ्या कराव्यात. नळ्यांखालच्या आकड्यात दोरी किंवा वाकवलेली तार अडकवून त्या अधांतरी टांगाव्यात आणि बोटाच्या पेराने हलकेच टिचकी मारावी. नळ्या जोडणारा डाख शाबूत असेल तर घंटेसारखा लांबणारा नाद येतो. बद्द किंवा खरखरीत आवाज आला, तर बहुधा दोन नळ्यांमधली पट्टी कुठेतरी सुटलेली असते. एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ढकलणारा भाग) सैल असला तरीही आवाज मरतो, म्हणून तो आधी काढून ठेवावा.

आतली तपासणी उजेडाकडे पाहून होते. नळी खिडकीकडे रोखून खिडकीच्या आडव्या गजाची सावली आतल्या पृष्ठभागावर पाडावी आणि नळी सावकाश फिरवत राहावी. सावलीची रेघ अखंड राहिली तर नळी सरळ आहे. रेघ एका जागी मुरडली तर तिथे पोचा आहे, आणि तिथे पूर्ण कडे उमटले तर फुगवटा. पोचा जाणकार कारागीर आतून ठोकळा घालून उठवतो. फुगवटा अधिक गंभीर असतो, कारण तिथे धातू ताणला जाऊन पातळ झालेला असतो. गंजाचे खड्डे बहुधा चेंबरच्या पुढच्या उतारापाशी सापडतात. जुन्या प्रायमरमधल्या (काडतुसाची दारू पेटवणाऱ्या टोपीतल्या) पोटॅशियम क्लोरेटमुळे बार उडाल्यावर नळीत पोटॅशियम क्लोराइड उरते, ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि साफसफाई चुकली की पोलादाला खाते.

खड्डे घासून काढलेली चकचकीत नळी पाहून हुरळू नये. ती किती घासली हे मोजल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी दोन वेगळी मापे लागतात: बोअर गेजने आतला व्यास आणि भिंतमापकाने धातूची जाडी. बारा बोअर या नळीच्या मापाचा नाममात्र व्यास ०.७२९ इंच, म्हणजे १८.५ मिमी. तो नळीच्या बुडापासून ९ इंचांवर मोजतात. जाडी मात्र पूर्ण लांबीत आणि चारही बाजूंनी पाहावी, कारण नळ्या एका कुशीला जास्त घासल्या गेल्याचे पुष्कळदा आढळते. चोकच्या (नळीच्या तोंडाशी आवळलेल्या भागाच्या) अलीकडे, पुढच्या भागात, ०.०२० इंच (सुमारे ०.५ मिमी) ही बारा बोअरसाठी सर्वसाधारणपणे मानली जाणारी किमान मर्यादा आहे. चेंबरलगत दाब सर्वाधिक असतो, म्हणून तिथे याहून बरीच जास्त जाडी हवी.

ही मापे ठशांशी ताडून पाहायची असतात. लंडन आणि बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसचे (नळ्यांची दाबचाचणी करणाऱ्या संस्थांचे) ठसे नळ्यांच्या खालच्या सपाट भागावर मिळतात. जुन्या नियमांत १३/१ म्हणजे ०.७१९, १२ म्हणजे ०.७२९ आणि १२/१ म्हणजे ०.७४० इंच. १३/१ चा ठसा असलेली नळी आज ०.७२९ भरली, तर ती प्रूफबाहेर गेली, म्हणजे तिची चाचणी आता ग्राह्य नाही. १९५४ च्या नियमांनुसारच्या ठशांत व्यास थेट इंचांच्या दशांश अपूर्णांकांत असतो आणि तिथे ०.०१० इंचांची वाढ ही सीमा आहे. ठशांवरून काळही कळतो. ‘नॉट फॉर बॉल’ (एकसंध गोळीसाठी नव्हे) असे असेल तर ती १८७५ ते १८८७ मधली चोक केलेली नळी. ‘एनपी’ हा धूरविरहित दारूच्या चाचणीचा ठसा १९०४ च्या नियमांतला, तर बर्मिंगहॅमचा ‘बीएनपी’ १९५४ पासूनचा. बेल्जियमच्या बंदुकीवर अंडाकृतीत ‘ईएलजी’ असते. अमेरिकेत सरकारी प्रूफ हाउस नसल्याने तिथल्या बंदुकीची मोजणी जास्तच कसोशीने करावी लागते. पार्करच्या नळ्यांखाली मूळ, न घासलेल्या नळ्यांचे वजन पौंड आणि औंसांत कोरलेले असते. आजचे वजन त्याहून थोडे औंस कमी असणे स्वाभाविक आहे. फरक फार असेल तर धातू कुठेतरी गेला आहे.

लोखंड आणि पोलाद पिळून केलेल्या दमास्कस नळ्या दिसायला अप्रतिम असतात आणि त्यातल्या काही धूरविरहित दारूसाठी प्रूफ होऊनही आल्या आहेत. ठसा आणि पुरेशी जाडी यांपैकी एक जरी नसेल, तर ती बंदूक फक्त काचेच्या कपाटासाठी घ्यावी.

चेंबरची लांबी ही सर्वांत घातक चूक घडवते. जुन्या ब्रिटिश बारा बोअरचे चेंबर अडीच इंची, म्हणजे सुमारे ६५ मिमी. आजचे ७० मिमी काडतूस तोंड दुमडलेले असताना त्यात सहज बसते, बंदूकही बंद होते. बार झाल्यावर त्याचे तोंड उलगडून पुढच्या उतारात घुसते, आणि मुळातच जास्त दाबासाठी भरलेल्या काडतुसाचा दाब आणखी चढतो.

नळ्या बसवून, फोरएंड न लावता बंदूक बंद करावी आणि नळ्या आडव्या-उभ्या हलवून पाहाव्यात. हालचाल जाणवली किंवा चेंबर आणि अ‍ॅक्शनच्या उभ्या भिंतीमध्ये उजेड दिसला, तर बिजागरीची खीळ आणि आकडा झिजला आहे. पातळ कागदाची पट्टी मध्ये धरून बंदूक बंद करावी. पट्टी निसटली तर फट आहे. नवी खीळ बसवणे हा खरा उपाय. आकड्यावर हातोडीचे किंवा पंचाचे व्रण दिसले, तर विकण्यापुरती डागडुजी झाली आहे. बंदूक उघडण्याची वरची कळ बंद अवस्थेत मध्यरेषेच्या डावीकडे गेली असेल, तर अडसराची झीज समजावी.

चाप ओढून पाहायचा तर स्नॅप कॅप (दारू नसलेले खोटे काडतूस) घालूनच. रिकाम्या चेंबरवर चाप ओढल्याने पिन तुटू शकते. पुढचा चाप साधारण साडेतीन पौंडांना आणि मागचा चार पौंडांना सुटणे योग्य. स्क्रूच्या खाचा हा कारागिराच्या हाताचा पुरावा आहे. त्या सगळ्या एका दिशेने आणि तीक्ष्ण असल्या तर बंदूक जाणत्या हातांत राहिली. चेपलेल्या खाचा दिसल्या तर आत काय सापडेल सांगता येत नाही.

दस्त्याला मनगटापाशी (हाताची पकड येते तिथे) आणि अ‍ॅक्शनच्या मागे बारीक तडे जातात. तिथले लाकूड काळे आणि मऊ असेल तर वर्षानुवर्षे तेल मुरले आहे. अशा लाकडाला सरस धरत नाही.

अस्सलपणाच्या खुणा बारीक असतात. नळी कापली असेल तर तोंडाशी दोन नळ्यांमध्ये फट राहते, ती डाखाने भरलेली दिसते आणि चोक शून्य भरतो. चेंबरपासून सुमारे तीन इंचांवर आडवी रेघ आढळली, तर जुन्या बुडात नव्या नळ्या बसवल्या आहेत. ब्रिटनमध्ये त्यावर ‘स्लीव्ह्ड’ असे लिहिलेले असते. काळाभोर चकाकता रंग संशयास्पद मानावा. जुन्या दुनळ्यांना सावकाश गंज चढवून रंग देत. गरम क्षारांत बुडवून रंगवल्यास क्षार पट्टीखाली शिरतात, डाख खातात आणि काही काळाने पट्टीलगत पांढरी भुकटी दिसते. बॉक्सलॉकला नुसत्या पट्ट्या लावून साइडलॉक भासवले जाते. खऱ्या साइडलॉकच्या पट्टीवर आतल्या यंत्रणेच्या पिनांची टोके दिसतात. नळ्या, अ‍ॅक्शन आणि फोरएंडवरचे क्रमांक जुळायलाच हवेत, आणि निर्मात्याची नोंदवही उपलब्ध असेल तर नळीची लांबी व बोअर तिच्याशी ताडावे.

कायदा देशागणिक बदलतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंतची बंदूक पुरातन मानली जाते. ब्रिटनमध्ये शॉटगन प्रमाणपत्रासाठी नळी किमान २४ इंच लागते आणि प्रूफबाहेरची बंदूक विकणे गुन्हा आहे. परवान्याचा प्रश्न पैसे देण्याआधी मिटवावा.

घेतलेली बंदूक कातडी पेटीत ठेवू नये, कातडे ओलावा धरते आणि पोलादाला गंज चढतो. कपाटात ती तोंड खाली करून उभी ठेवावी, म्हणजे अ‍ॅक्शनमधले तेल दस्त्याच्या लाकडात उतरत नाही.