लष्करात अन्यायाने शिक्षा झाली, तर दाद कुठे आणि कशी मागायची?

रजेवरून दोन दिवस उशीर झाला, सीओंपुढे (युनिटच्या कमांडिंग ऑफिसरपुढे) पेशी झाली आणि रेड इंक एंट्री, म्हणजे सेवेच्या नोंदीत लाल शाईने शिक्षेची नोंद, बसली. जवान गप्प राहतो. घरचेही म्हणतात, वरिष्ठांशी वैर नको. काही वर्षांनी अशाच चार एंट्र्यांच्या आधारे डिस्चार्जची, म्हणजे सेवेतून काढण्याची, नोटीस हातात पडते. म्हणून दाद मागायची ती पहिल्याच एंट्रीला.

जवान, एनसीओ (नाईक, हवालदार) आणि जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) यांना आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम २६ नुसार तक्रार करता येते. ती आपल्या कमांडिंग ऑफिसरकडे द्यायची. तक्रार त्यांच्याचविरुद्ध असेल, तर त्यांच्या वरच्या अधिकाऱ्याकडे. अधिकाऱ्यांसाठी कलम २७ आहे. सीओंकडे दाद मिळाली नाही, तर अधिकारी केंद्र सरकारकडे जाऊ शकतो. हवाई दलाच्या कायद्यातही हीच कलमे आहेत, नौदलात कलम २३. बीएसएफ, सीआरपीएफच्या जवानांना मात्र ही वाट लागू नाही.

अर्ज एकट्याच्या नावाने करा. पाच-दहा जणांनी मिळून सह्या केल्या, तर मूळ अन्याय बाजूला राहतो आणि सामूहिक बेशिस्तीचाच प्रश्न उभा राहतो. भाषा साधी ठेवा: तारीख, वेळ, कोण हजर होते, कोणता आदेश. जाणूनबुजून खोटे लिहिले, तर कलम ५६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. रागाच्या भरात अधिकाऱ्याच्या चारित्र्यावर शेरे मारू नका. मोबाइलवर व्हिडिओ टाकणे तर नकोच, त्याने नवा चार्ज लागतो.

सोबत शिक्षेच्या आदेशाची प्रत, चार्जशीट, शो कॉज (कारणे दाखवा) नोटीस व तिचे उत्तर जोडा. उशिराचे कारण दाखवणारे दवाखान्याचे कागद किंवा रेल्वेचे तिकीटही जोडा. कोर्ट ऑफ इन्क्वायरीत (लष्करी चौकशीत) तुमच्या चारित्र्याचा प्रश्न असेल, तर आर्मी रूल १८० प्रमाणे हजर राहण्याचा आणि साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. तो मिळाला नसेल, तर ते अर्जात ठळकपणे लिहा. माझ्या मते अर्जातला सर्वांत भक्कम मुद्दा हाच. अर्ज दिल्याची पोच घ्या. ती तारीख पुढे लागते.

कोर्ट मार्शलच्या निकालाविरुद्ध वेगळी याचिका असते, कलम १६४ ची.

तुमच्या तक्रारीला नाकारणारे उत्तर आले, तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत सशस्त्र दल न्यायाधिकरणात जाता येते. सहा महिने काहीच उत्तर आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत. उशीर झाला, तर सबळ कारण दाखवून माफी मागता येते. बदली, रजा आणि किरकोळ समरी शिक्षा (सीओंनीच थोडक्यात सुनावणी करून दिलेल्या) हे विषय तिथे चालत नाहीत, बडतर्फी चालते. आणि चार एंट्र्या झाल्या म्हणजे डिस्चार्ज आपोआप होतो, हे खरे नाही: गुन्ह्याचे स्वरूप, सेवेची वर्षे आणि खडतर ठिकाणची पोस्टिंग पाहावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे.

महाराष्ट्र आणि गोव्यासाठी न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईत आहे. सेवेतून बाहेर पडलेला जवान राहत्या गावाच्या पत्त्यावरून तिथे अर्ज करू शकतो, वकील लावून किंवा स्वतः उभा राहून.