आजोबांची ओपेल आणि मॅटाडोरचे इंजिन : गोव्यातल्या जुन्या गाड्यांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या एखाद्या जुन्या घरामागच्या पडवीत ताडपत्रीखाली ओपेल, फोक्सवॅगन किंवा मर्सिडीज निघाली, तर ती १९५४ ते १९६१ या काळात घरात आलेली असण्याचा संभव सर्वात जास्त. आज अनेक घरांत भावंडे, पुतणे, भाचे मिळून अशी गाडी पुन्हा उभी करायला घेतात आणि वर्षानुवर्षे ते काम चालते. त्यातल्या जवळपास प्रत्येक अडचणीचे मूळ या काळात किंवा त्यानंतरच्या वीस वर्षांत सापडते.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. मोटारी होत्या, पण मोजक्या. रस्ते कच्चे आणि वाट दर काही मैलांवर नदीपाशी अडणारी. मांडवीवर पूल झाला तो १९७० च्या सुमारास आणि जुवारीवर त्यानंतर. तोवर गाडी फेरीवर चढवूनच पलीकडे न्यावी लागे. एक गोष्ट मात्र आजही उपयोगी पडते. पोर्तुगालने १९२८ साली वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूला नेली, तेव्हा गोव्याने शेजारच्या ब्रिटिश मुलखाला धरून डावीच बाजू ठेवली. त्यामुळे इथल्या बहुतेक गाड्यांचे स्टिअरिंग उजवीकडे आहे. युरोपातून डॅशबोर्ड किंवा स्टिअरिंग बॉक्स मागवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे, नाहीतर सगळा माल उलट्या बाजूचा येतो.

आता खरा काळ. १९५४-५५ पासून भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. रेल्वे बंद, सीमा बंद. पोर्तुगीज सरकारने त्यावर उपाय काढला तो खुल्या आयातीचा. बटाटे हॉलंडहून, तांदूळ ब्रह्मदेशातून, सिमेंट जपानहून. याच वर्षांत लोहखनिजाला जपान आणि पश्चिम जर्मनीत मोठी मागणी आली आणि डिचोली-सांग्यातल्या डोंगरांतून परकीय चलन वाहू लागले. त्या पैशातून मुरगाव बंदरात व्हिस्की उतरली, घड्याळे उतरली आणि मोटारी उतरल्या.

त्याच वेळी घाटापलीकडे काय चालले होते ते पाहिले म्हणजे फरक कळतो. १९५३ साली भारत सरकारने ठरवले की इथे सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम नसलेल्या आणि नुसती जुळणी करणाऱ्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा. अमेरिकी कंपन्या निघून गेल्या. मुंबई-पुण्याच्या माणसापुढे उरली फियाट, ॲम्बेसेडर किंवा स्टँडर्ड, तीही पुष्कळ वर्षे थांबून. पणजीत मात्र पैसे मोजले की जर्मन गाडी बोटीने येत होती. खाणवाले, भाटकार म्हणजे जमीनदार, डॉक्टर, वकील, म्हापसा-मडगावचे व्यापारी यांच्या दारात त्या उभ्या राहिल्या आणि टॅक्सी म्हणूनही मर्सिडीज पळू लागली. गोवा त्या वेळी ऐषारामात लोळत होता असा याचा अर्थ कुणी काढू नये. ज्या वाड्यावर मर्सिडीज होती तिथे वीज असेलच असे नव्हते.

१९६१ च्या मुक्तीनंतर पोर्तुगीज चलन एस्कुदो गेले, रुपया आला. पोर्तुगीज पाट्या उतरून गोवा-दमण-दीवचे जीडीए, जीडीबी असे नंबर लागले; जीए-०१, जीए-०२ हे खूप पुढचे. गाड्या तशाच राहिल्या, पण त्यांच्यामागचे बंदर बंद झाले. भारताचे आयात-परवान्याचे नियम आता गोव्यालाही लागू होते आणि ओपेलच्या ब्रेक सिलिंडरसाठी परवाना मिळण्याची सोय त्या नियमांत नव्हती. मग मेस्तांचे, म्हणजे गॅरेजातल्या कारागिरांचे राज्य सुरू झाले. पितळी बुश लेथवर घडवायचे, ॲम्बेसेडरची किंगपिन घासून बसवायची, दुसऱ्याच गाडीचे पिस्टन स्लीव्ह घालून जमवायचे. फोक्सवॅगन आणि ओपेलची वायरिंग सहा व्होल्टची. तशी बॅटरी मिळेनाशी झाल्यावर डायनॅमोपासून दिव्यांपर्यंत सगळे बारा व्होल्टचे झाले. आज आपण गाडी उघडतो तेव्हा आत सापडते ती जर्मनीतली १९५८ सालची गाडी नसते. गोव्यातल्या गॅरेजांनी वीस-तीस वर्षे जगवलेली गाडी असते.

सगळ्यात मोठा बदल झाला तो इंजिनात. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलचे भाव इतके चढले की दोन-अडीच लिटरचे पेट्रोल इंजिन पाळणे परवडेना, टॅक्सीवाल्याला तर नाहीच नाही. उपाय सरळ होता : जुने इंजिन काढायचे आणि देशी डिझेल इंजिन बसवायचे. पर्किन्स, मॅटाडोर व्हॅनचे, पुढे ॲम्बेसेडरचे डिझेल, जे हाताला लागेल ते. ज्यांच्याकडे मर्सिडीज १८० डी होती ते नशीबवान, कारण तिचे १.८ लिटरचे इंजिन कारखान्यातूनच डिझेल होते. बाकीच्यांनी बॉनेटखाली अँगल वेल्ड करून नवे माउंटिंग केले, रेडिएटर चार इंच पुढे सरकवला, गिअरबॉक्सशी जोडायला जाड पत्र्याची ॲडॅप्टर प्लेट कापली. काढलेले मूळ इंजिन बहुतेकदा भंगारात गेले. काहींचे विहिरीवर पाणी उपसायला बसले.

अशा एका गाडीचे आरसी बुक माझ्या पाहण्यात आहे. इंजिन क्रमांकाच्या ओळीवर लाल रेघ, खाली नवा क्रमांक, इंधनाच्या रकान्यात पेट्रोल खोडून डिझेल, बाजूला शिक्का आणि न वाचता येणारी सही. घरच्यांनी त्या वेळी कायद्याने जे करायचे ते सगळे केले होते. तेच पान आज त्यांच्या आड येते.

कारण २०२१ चा नियम. जुलै २०२१ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून जुन्या गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आणली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' धरली जाते. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, पुनर्नोंदणीला पाच हजार, मुदत दहा वर्षे. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येते. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, म्हणजे आजोबांची जीडी पाटी वाचते. गाड्या भंगारात काढण्याचे धोरण त्याच सुमारास आले असल्याने पुष्कळांना हा नियम म्हणजे आधार वाटला, आणि तो आधार आहेही.

पण व्याख्येत एक अट आहे. गाडी मूळ स्वरूपात ठेवलेली असावी, आणि चॅसी, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल होईल अशी मोठी दुरुस्ती तिच्यावर झालेली नसावी. जयपूर किंवा हैदराबादच्या संस्थानी गॅरेजात शंभर मैलही न पळालेली रोल्स-रॉईस या अटीत आरामात बसते. गोव्यातल्या डॉक्टरांची डिझेल झालेली ओपेल बसत नाही. जी गाडी वापरात राहिली, जिने पेशंट, बागायतीचे नारळ आणि लग्नाची वऱ्हाडे वाहिली, ती वापरात राहावी म्हणूनच तिचे इंजिन बदलले गेले होते. बदलले नसते तर ती १९७५ सालीच भंगारात गेली असती. अट लिहिताना नजरेसमोर संग्राहक होते, घरे नव्हती, असे माझे मत आहे.

दुसरी बाजूही मांडायला हवी. अट काढली तर कालपरवा नव्या इंजिनावर जुना सांगाडा चढवून कुणीही व्हिंटेज पाटी मागेल, आणि तशा गाड्या देशात बनतातच. 'मूळ' या शब्दाला काही धार असावी हे खरे. मात्र बदल कधी झाला आणि का झाला, याला नियमात जागा नाही. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची ट्युरिनच्या नावाने ओळखली जाणारी सनद आहे. गाडी नेहमीच्या वापरात असताना तिच्यात झालेले बदल हा तिच्या इतिहासाचाच भाग, अशी तिची भूमिका आहे. त्या नजरेने पाहिले तर १९७६ साली शिक्का मारून बसवलेले मॅटाडोरचे इंजिन हा पुरावा ठरतो. आपल्या नियमाच्या नजरेने तो दोष ठरतो.

म्हणून घराघरांत वाद होतो. एका काकांचे म्हणणे, मूळ इंजिन शोधून आणू. मॉडेलचे इंजिन युरोपात मिळते, पण त्यावरचा क्रमांक आपल्या गाडीचा नसतो; मग आरसीवर तिसऱ्यांदा बदल, आणि कागदावर गाडी पहिल्यापेक्षाही कमी 'मूळ' दिसू लागते. दुसऱ्या काकांचे म्हणणे, व्हिंटेज पाटीची गरजच काय? साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून घेऊ. या दुसऱ्या वाटेला वजन आहे, कारण व्हिंटेज नोंदणीची गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणे, देखभाल, एवढ्यासाठीच. भाड्याने देणेही बंद, म्हणजे लग्नाच्या वरातीला देऊन खर्चाचा थोडा भार उतरवण्याचा मार्ग मिटला.

साध्या वाटेवर आणखी एक खाच आहे. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या खासगी मोटारीच्या नोंदणी-नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, आणि आयात केलेल्या गाडीला चाळीस हजार; ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या गाड्यांना हेच आकडे दहा हजार आणि ऐंशी हजार झाले. आता १९५८ ची ओपेल कुठल्या रकान्यात घालायची? ती आयात केली पोर्तुगीज राज्याने. भारताने ती कधी मागवलीच नाही. ती भूमीबरोबर भारतात आली. माझ्या दृष्टीने ती साध्या रकान्यात बसते. काउंटरवर मात्र मेक पाहून फी सांगितली जाण्याची शक्यता असते. अर्ज करण्याआधी पोर्तुगीज काळातले कागद, खरेदीची पावती, त्या वेळचे लिव्रेत (गाडीचे पोर्तुगीज नोंदणीपुस्तक), हाती असेल ते सगळे एका फायलीत लावून ठेवलेले बरे.

गाडी कुणाच्या नावावर, हा प्रश्न गोव्याबाहेरच्यांना किरकोळ वाटेल. इथे तो वर्षे खातो. गाडी बहुधा वारलेल्या आजोबांच्याच नावावर असते. वाहनमालक गेल्यावर तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलायचे असते; तो कुणी भरलेला नसतो, कारण त्या वेळी गाडी चालतच नव्हती. गोव्यात आजही १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा चालतो. वारसाहक्काचा नवा कायदा २०१६ पासून अमलात आला तरी गाभा तोच. वेगळा करार नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, म्हणजे गाडी अर्धी आजीची. उरलेली अर्धी मुलगे आणि मुली यांची, समान. इन्व्हेंटारी, म्हणजे वारसांत वाटणीची कोर्टातली कारवाई झाली तर जावई-सुनाही पक्षकार. एका गाडीमागे लिस्बन, दुबई आणि गोव्यातले साखळी गाव अशा तीन ठिकाणच्या बारा-पंधरा सह्या लागाव्यात, यात नवल काही नाही. त्या मिळवण्याची हक्काची वेळ एकच : चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी. सगळे घरी असतात, गणपतीवरची फळाफुलांची माटोळी बांधून झालेली असते आणि कुणाला नाही म्हणणे जड जाते. वर्गणीही तेव्हाच ठरते, आणि पुढच्या वर्षी बाहेरून येणाऱ्याने सामानात कोणते रबर बीडिंग, कोणते पॉइंट आणायचे याची यादीही. फोक्सवॅगनवाल्यांची यादी सर्वात सोपी, कारण बीटल मेक्सिकोत २००३ पर्यंत बनत होती आणि तिचे भाग आजही नवे मिळतात. ओपेलवाल्यांनी धीर धरावा.

कामात सर्वाधिक वेळ जातो तो पत्र्यात. तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, खारा वारा आणि ताडपत्रीखाली कोंडलेली दमट हवा. वरून गाडी धड दिसते आणि मॅट उचलली की खालची जमीन दिसते. इथल्या वेल्डरांचा हात खाणीच्या ट्रकांवर आणि बार्जवर बसलेला. बार्जचा पत्रा कित्येक मिलिमीटर जाड, गाडीचा जेमतेम एक. त्याच सवयीने आर्क लावला की भोक मोठे होते. जुने गॅस वेल्डिंग करणारे मेस्त आता थोडे उरलेत, आणि त्यांच्याकडे रांग असते. पुटी भरून, रंग मारून रॅलीपुरती गाडी चकाचक करणारे मात्र भरपूर. दोन पावसाळ्यांत फुगा येतो.

अलीकडची भर म्हणजे पंपावरचे पेट्रोल. त्यात आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी ओढते, आणि १९५० च्या दशकातले रबर त्याला टिकत नाही. पाइप मऊ पडतात, टाकीच्या तळाशी गंज धरतो. डिझेल झालेल्या गाड्यांना याची झळ नाही, मूळ पेट्रोल इंजिन जपलेल्यांनाच ती बसते. त्यांना इंधनाचे पाइप, पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरच्या सीला नव्या रबराच्या घालाव्या लागतात. एवढा बदल इंजिनातला फेरबदल धरायचा की नेहमीची देखभाल, हे नियमात लिहिलेले नाही. सध्या ते गाडी तपासणाऱ्या अधिकाऱ्याच्या मतावर चालते.