मिक आणि बीसीएल-२: पेशी जास्त वाढतायत की मरतच नाहीयेत?

कॅन्सर म्हणजे पेशी भराभर वाढणं, हे आपण इतक्यांदा ऐकलेलं असतं की लिम्फोमाचा (म्हणजे लसिका ग्रंथींतल्या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरचा) बायोप्सी रिपोर्ट हातात पडतो, त्यात केआय-६७ च्या पुढे १५ टक्के वगैरे लिहिलेलं असतं, आणि घरचे बुचकळ्यात पडतात की अरे पेशी एवढ्या कमी वाढतायत तर मग गळ्यात, काखेत गाठी आल्या कुठून? प्रश्न चुकीचा नाहीये. केआय-६७ सांगतं किती पेशी विभाजनाच्या चक्रात आहेत, किती पेशी मरायच्या राहून गेल्यात ते नाही सांगत.

टाकी भरून वाहायला लागली तर नळ जास्त सोडलेला असेल नाहीतर खालची मोरी तुंबली असेल, जमिनीवर पाणी दोन्ही वेळा सारखंच. रक्ताच्या कॅन्सरमध्ये या दोन्हींची अगदी स्वच्छ उदाहरणं मिळतात. नळवालं म्हणजे बर्किट लिम्फोमा, त्यामागे मिक नावाचं जीन. मोरीवालं म्हणजे फॉलिक्युलर लिम्फोमा आणि त्यामागचं बीसीएल-२.

गोंधळ का होतो तर दोघांची सुरुवात जवळपास सारखी आहे. दोन्ही बी पेशींचे (अँटीबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींचे) आजार, आणि दोन्हींत क्रोमोसोमचे तुकडे तुटून चुकीच्या जागी चिकटतात. बर्किटमध्ये बहुतेक वेळा ८ आणि १४ नंबरचे, फॉलिक्युलरमध्ये १४ आणि १८. तो १४ नंबर दोन्हीकडे आहे कारण बी पेशीचं अँटीबॉडी बनवायचं जीन तिथे असतं आणि बी पेशीत ते कायम चालू, त्यामुळे त्याच्या शेजारी जे जीन येऊन बसेल तेही जोरात चालू होतं. मिक येऊन बसलं तर पेशीला सतत 'विभाजन कर, विभाजन कर' असा हुकूम. बीसीएल-२ येऊन बसलं तर विभाजनाचा हुकूम नाहीच, फक्त पेशीची ठरलेली मरायची वेळ टळत राहते. रोज आपल्या शरीरात अब्जावधी पेशी अशा ठरवून मरतात (मार लागून किंवा रक्त न मिळून पेशी फुटते ते वेगळं, तिथे सूज येते, इथे पेशी गुपचूप आकसते आणि शेजारच्या पेशी तिला गिळून टाकतात). हेच मरण अडलं की गाठ वाढते, पण सावकाश, कधी कधी कितीतरी वर्षं लावून.

हा फरक आज पुस्तकात दोन ओळींत मिळतो पण तो सापडला कसा ते बघण्यासारखं आहे. सुझॅन कोरी ही मेलबर्नची बाई, केंब्रिजला पीएचडी केली, तिथेच जेरी ॲडम्स भेटला, पुढे लग्न, मग जिनिव्हा, आणि १९७१ मध्ये दोघं मेलबर्नच्या वॉल्टर अँड एलायझा हॉल इन्स्टिट्यूटमध्ये आले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला मिक आणि अँटीबॉडी जीनची ही शेजारगाठ पकडणाऱ्यांत त्यांची लॅब होती, अमेरिकेतल्या लॅबही त्याच सुमारास तिथेच पोचल्या होत्या. १९८५ मध्ये त्यांनी असे उंदीर तयार केले ज्यांच्या बी पेशींत मिक सतत चालू, आणि त्यांना खरंच लिम्फोमा झाले. म्हणजे नळाची बाजू पक्की.

तोवर सगळ्यांना वाटायचं की कॅन्सरचं जीन म्हणजे पेशी वाढवणारं जीन, दुसरा प्रकारच नाही. बीसीएल-२ नुकतंच सापडलं होतं, तेही वाढवणारंच असणार असं धरून चाललेले. मग १९८८ मध्ये कोरी-ॲडम्सच्या लॅबमध्ये डेव्हिड व्हॉक्स नावाच्या विद्यार्थ्याने ते जीन अशा पेशींत घातलं ज्यांना जगायला एक ग्रोथ फॅक्टर बाहेरून द्यावाच लागतो, आणि तो ग्रोथ फॅक्टर काढून घेतला. साध्या पेशी मेल्या. बीसीएल-२ वाल्या मेल्या नाहीत, पण वाढल्याही नाहीत, नुसत्या डिशमध्ये बसून राहिल्या! मला तरी हा कॅन्सर संशोधनातला सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो, कारण 'वाढणं' आणि 'न मरणं' या दोन गोष्टी एका डिशमध्ये वेगळ्या झाल्या. (पेशींच्या मरणावरचं नोबेल २००२ मध्ये जंतांवर काम करणाऱ्या तिघांना मिळालं, ते योग्यच, पण मेलबर्नवाले राहिले याची जरा रुखरुख वाटते.)

पुढची गंमत, म्हणजे गंमत कसली. मिक नुसतं नळ सोडत नाही, ते पेशीला मरणाकडेही ढकलतं, हा बहुधा शरीराचाच बंदोबस्त असावा. त्यात बीसीएल-२ ने मरण अडवलं की मग काही अडसर उरत नाही. दोन्ही जीन्स एकत्र दिलेल्या उंदरांना ट्यूमर फार लवकर झाले. माणसांत याच प्रकाराला डबल हिट लिम्फोमा म्हणतात आणि नेहमीची केमो तिथे बऱ्याचदा कमी पडते. म्हणून डॉक्टर फिश टेस्ट (ही जीन्स जागा सोडून भलतीकडे चिकटलीत का ते बघणारी) सांगतात तेव्हा 'आता आणखी कशाला, बायोप्सी झाली ना' म्हणू नये.

रिपोर्टमध्ये दोघं बहुतेक वेळा असे ओळखू येतात: बर्किटमध्ये केआय-६७ जवळजवळ १०० टक्के आणि बीसीएल-२ निगेटिव्ह, फॉलिक्युलरमध्ये केआय-६७ बहुधा कमी आणि बीसीएल-२ पॉझिटिव्ह. उपचारात मात्र आपल्या अंदाजाच्या उलटं चित्र दिसतं. डेनिस बर्किट या सर्जनने १९५८ मध्ये युगांडातल्या लहान मुलांच्या जबड्यातल्या ज्या गाठींचं वर्णन केलं त्या भयंकर वेगाने वाढायच्या, पण औषध दिल्यावर तितक्याच वेगाने विरघळायच्याही, आणि आज जोरदार केमोने बर्किट बरा होऊ शकतो. फॉलिक्युलर सौम्य वाटतो, कधी कधी डॉक्टर नुसतं लक्ष ठेवू म्हणतात, पण तो परत परत येतो.

मोरी मोकळी करणारं औषध आलं २०१६ मध्ये, व्हेनेटोक्लॅक्स, ते बीसीएल-२ प्रोटीनला थेट पकडतं. मात्र जीन सापडलं फॉलिक्युलरमध्ये आणि औषध जास्त चाललं सीएलएल या ल्युकेमियात, फॉलिक्युलरमध्ये एकटं तेवढं नाही. सीएलएलमध्ये ते इतकं चालतं की सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये एकदम एवढ्या पेशी मेल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम, युरिक ॲसिड रक्तात उतरून काही पेशंट दगावले. म्हणून सीएलएलमध्ये पहिल्या आठवड्यात रोज २० मिलिग्रॅम, मग दर आठवड्याला ५०, १००, २०० करत पाचव्या आठवड्यात ४०० वर जातात, आणि तोवर भरपूर पाणी प्यायला लावतात व रक्त तपासत राहतात.