कागदावरचा काळा किती काळा असतो?

कृष्णधवल फोटोत रंगच नसतात, मग छापताना कलर प्रोफाइल कशाला हवं? वर्षानुवर्षं फोटो काढणारी मंडळीही असं म्हणताना आढळतात. प्रोफाइल म्हणजे एखादा प्रिंटर एखाद्या कागदावर कोणती छटा कशी उमटवतो, याची नोंद असलेली फाइल. खरं तर इथेच तिची गरज जास्त आहे. निळ्या आकाशावर किंचित हिरवट झाक आली तर डोळा ती चालवून घेतो. राखाडी भिंतीवर तेवढीच झाक लगेच खटकते. पण सर्वांत मोठं नुकसान गडद छटांचं होतं. काळ्या कोटाचा पोत, केसांतल्या बटा स्क्रीनवर स्पष्ट दिसतात आणि कागदावर त्यांचा सपाट काळा डाग होतो.

कारण कागद स्वतः उजळत नाही, पडलेला प्रकाश परत पाठवतो. कितीही काळी शाई लावा, थोडा प्रकाश परततोच. हा काळेपणा ‘घनते’त मोजतात. ती लॉगरिदमची पट्टी आहे: घनता १ म्हणजे दहावा हिस्सा प्रकाश परत, २ म्हणजे शंभरावा. मॅट कागदावर घनता साधारण १.६ पर्यंत जाते, म्हणजे अडीच टक्के प्रकाश परततो. ग्लॉसी कागदावर ती २.३ च्या आसपास, म्हणजे अर्धा टक्का. मॅटचा खडबडीत पृष्ठभाग प्रकाश चहूकडे विखुरतो आणि त्यातला काही शाईत न शिरताच डोळ्यांत येतो. स्क्रीनच्या जाहिरातीत ‘दहा लाखास एक’ कॉन्ट्रास्ट लिहितात. मॅट कागदाकडे पांढऱ्या-काळ्याचं गुणोत्तर जेमतेम ४० असतं. फोटो त्या ४० मध्येच बसवायचा आहे.

आता खरी गंमत. फाइलमध्ये ० ते २५५ पातळ्या असतात: ० म्हणजे पूर्ण काळा, २५५ म्हणजे पांढरा. एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीतल्या फाइलमध्ये अडीच टक्के प्रकाश म्हणजे पातळी ४४. त्याखालच्या सगळ्या पातळ्या मॅट कागदाला जमणार नाही इतका काळा मागतात. प्रोफाइलने प्रत्येक छटा जशीच्या तशी जुळवायचं ठरवलं, तर ० पासून ४४ पर्यंत सगळं एकाच काळ्यात जातं. कोटाचा पोत नेमका तिथेच होता!

यावरचा उपाय म्हणजे ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशन. त्याचं गणित २०१५ मध्ये आयएसओ १८६१९ या मानकात आलं. फाइलचा काळा कागदाच्या काळ्याला जोडायचा, पांढरा पांढऱ्याला, आणि मधला प्रकाश सरळ रेषेत बसवायचा. मॅट कागदासाठी नवा प्रकाश = ०.०२५ + ०.९७५ × जुना प्रकाश. पातळी २० चा प्रकाश ०.७ टक्के, तो ३.२ टक्के होतो. कागदाचा काळा २.५ टक्क्यांवर आहे, म्हणजे दोन्ही वेगळे राहिले. मध्यम राखाडी मात्र १८ वरून फक्त २०.०५ टक्क्यांवर जाते, फारशी हलत नाही. फरक टिकतो, पण आकुंचन पावतो: डोळ्याच्या संवेदनेला धरून बनवलेल्या ० ते १०० च्या उजळपणाच्या पट्टीवर पातळी ० आणि २० मध्ये आधी ६.३ चं अंतर होतं, ते २.८ उरतं. म्हणून सॉफ्ट प्रूफ (प्रिंट कशी येईल ते स्क्रीनवरच दाखवणारी सोय) चालू ठेवून कर्व्हने, म्हणजे छटांचा उजळपणा वेगवेगळा बदलणाऱ्या साधनाने, फक्त गडद भागाचा कॉन्ट्रास्ट वाढवावा लागतो.

‘छापण्याआधी ब्राइटनेस पंधराने वाढवा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो नुसता तोडगा आहे. त्याने चेहरेही फिके पडतात आणि प्रिंट काळी का आली ते कळतच नाही. बहुतेकदा मॉनिटर अती उजळ असतो, किंवा फोटोचं सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर (प्रिंटर चालवणारा प्रोग्राम) या दोघांनीही प्रोफाइल लावलेलं असतं. ते एकदाच लागलं पाहिजे. ड्रायव्हरमध्ये कागदाचा प्रकार चुकला, तर मॅट कागदावर ‘फोटो ब्लॅक’ ही ग्लॉसी कागदासाठीची काळी शाई पडते आणि काळा आणखी फिका होतो.

आपल्या प्रिंटरची हद्द शोधायला ० ते ६० पर्यंतच्या पातळ्यांचे चौकोन, दोन-दोनच्या अंतराने, काळ्या पार्श्वभूमीवर छापा. प्रिंट जिथे लावायची तिथल्याच उजेडात पाहा. पहिला वेगळा दिसणारा चौकोन ज्या पातळीचा असेल, तिच्याखाली महत्त्वाचा तपशील ठेवू नका. कागद बदलला की पट्टी पुन्हा छापा.