घराच्या व्यवहारात एजंटने फसवलं, तर तक्रार नेमकी कुठे करायची?

आधी स्वतःला विचारा: व्यवहार कोणत्या घराचा होता? महारेराकडे, म्हणजे रेरा या स्थावर मालमत्ता कायद्याखालच्या महाराष्ट्राच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेल्या किंवा नोंदणी आवश्यक असलेल्या प्रकल्पातला नवा फ्लॅट असेल, तर तक्रार महारेराकडे करता येते. भाड्याचं घर किंवा जुन्या इमारतीतला रीसेल फ्लॅट असेल, तर तिथे रेरा कायदा एजंटला लागू होत नाही. मग जिल्हा ग्राहक आयोग गाठायचा, तोही २ वर्षांच्या आत. दिलेली दलाली ५ लाखांपर्यंत असेल तर आयोगात शुल्क लागत नाही.

महारेराकडे जाताना पहिलं काम एजंटचा नोंदणी क्रमांक संकेतस्थळावर तपासणं. नोंदणीच नसेल, तर तो स्वतंत्र गुन्हा आहे: रेरा कायद्याच्या कलम ६२ नुसार दिवसाला १०,००० रुपये दंड, घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नोंदणी असेल, तर कलम १० वाचा. नोंदणी नसलेल्या प्रकल्पातलं घर विकणं, खोटी आश्वासनं देणं, बुकिंगच्या वेळी कागदपत्रं न देणं, हे सगळं त्यात येतं.

तक्रार ऑनलाइन भरायची, शुल्क ५,००० रुपये. दलालीची पावती, बँकेची नोंद, बुकिंग अर्ज, जाहिरात आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं तारखांसह जोडा. रोख दिलेल्या पैशांचा पुरावा नसतो आणि तिथेच माणसं अडकतात. म्हणून पैसे बँकेतूनच द्या, हे मी कळकळीने सांगतो. मागणीही स्पष्ट लिहा: दलाली परत हवी, की कागदपत्रं, की कारवाई. नुसतं ‘न्याय मिळावा’ लिहिलं, तर आदेश कशाचा द्यायचा हे ठरवणं कठीण होतं.

त्यानंतर एजंटला नोटीस जाते, त्याचं म्हणणं मागवलं जातं, सुनावणी होते. साक्षीदार बोलावण्याचे आणि कागद हजर करायला लावण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार प्राधिकरणाला आहेत. गैरप्रकार सिद्ध झाला तर नोंदणी रद्द होऊ शकते, पण एजंटची बाजू ऐकल्याशिवाय नाही. कायद्याने ६० दिवसांत निकालाची अपेक्षा ठेवली आहे. उशीर झाला तर कारण नोंदवावं लागतं. आदेश पाळला नाही तर कलम ६५ नुसार पुन्हा रोजचा दंड.

निकाल पटला नाही तर अपील न्यायाधिकरणाकडे जाता येतं. आदेशाची प्रत मिळाल्यापासून ६० दिवसांची मुदत असते, तेव्हा प्रत हाती आली की त्याच दिवशी तारीख लिहून ठेवा.