करिअरमधील ध्येयनिश्चिती

कामाच्या आयुष्यात काय साधायचे, कशासाठी आणि साधारण केव्हापर्यंत, हे स्वतःशी ठरवून त्या दिशेने पावले टाकण्याची रीत. वरिष्ठांनी नेमून दिलेले वार्षिक लक्ष्य यात मोडत नाही. ध्येय आणि उद्दिष्ट हे शब्द बोलताना एकाच अर्थाने येतात, तरी फरक ठेवलेला बरा: ध्येय दूरचे असते, उद्दिष्टाला तारीख लावता येते.

व्यवसाय विचारपूर्वक निवडावा, या कल्पनेला शिस्तबद्ध रूप दिले फ्रँक पार्सन्स यांनी. १९०८ मध्ये त्यांनी अमेरिकेतील बोस्टन येथे व्यवसाय-मार्गदर्शन केंद्र सुरू केले. आधी स्वतःला ओळखा, मग कामांची माहिती घ्या आणि दोहोंचा मेळ घाला, हे त्यांचे सूत्र आजही समुपदेशनाच्या मुळाशी आहे. उद्दिष्टे ठरवण्याची तंत्रे मात्र बहुतांशी कचेरीतून आली. व्यवस्थापनतज्ज्ञ पीटर ड्रकर यांनी १९५४ मध्ये उद्दिष्टांनुसार व्यवस्थापनाची कल्पना मांडली. जॉर्ज डोरन यांनी १९८१ मध्ये ‘स्मार्ट’ (SMART) ही पाच इंग्रजी आद्याक्षरांची कसोटी दिली: उद्दिष्ट नेमके, मोजता येणारे, कोणावर तरी सोपवलेले, वास्तववादी आणि मुदतीचे असावे. तिच्यातील ‘ए’चा मूळ अर्थ ‘हे काम कोणावर सोपवायचे’ असा होता. ‘साध्य होण्याजोगे’ हा अर्थ मागाहून रूढ झाला. म्हणजे आज व्यक्तिगत डायरीत उतरवली जाणारी ही कसोटी मुळात व्यवस्थापकांसाठी होती. उद्दिष्ट नीट मांडले आहे का, एवढेच ती तपासते. ते उद्दिष्ट कोणाचे, हे ती विचारत नाही.

मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये, आणि पुढे गॅरी लेथम यांच्यासह, दाखवून दिले की ‘होईल तेवढे करा’ यापेक्षा नेमके आणि कठीण उद्दिष्ट जास्त काम करवून घेते. लेथम यांचा १९७५ चा एक अभ्यास लाकूड वाहणाऱ्या ट्रकचालकांवरचा आहे. चालक कायद्याने परवानगी असलेल्या वजनाच्या जेमतेम ६० टक्के माल भरत. त्यांना ९४ टक्क्यांचे उद्दिष्ट दिले गेले, जादा पैसे नाहीत; काही महिन्यांत प्रमाण ९० टक्क्यांच्या घरात गेले. पण ओंडके भरणे चालकांना आधीपासून येत होते. जे काम अजून शिकायचे आहे, त्यात ‘इतके यश मिळवीन’ यापेक्षा ‘हे शिकेन’ असे उद्दिष्ट अधिक उपयोगी पडते.

समाधानाच्या बाबतीत घोडे पेंड खाते ते वेगळ्याच ठिकाणी. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मते माणसाला स्वायत्तता, कौशल्याची जाणीव आणि आपुलकीचे संबंध या तीन गोष्टी लागतात. केनन शेल्डन आणि अँड्र्यू इलियट यांनी १९९९ मध्ये मांडले की स्वतःच्या आवडी-मूल्यांशी जुळणाऱ्या ध्येयांसाठी माणूस अधिक टिकून प्रयत्न करतो, आणि ती साधल्यावर त्याला अधिक समाधानही लाभते. उदाहरणार्थ, एखादी अभियंता ‘दोन वर्षांत विभागप्रमुख’ असे लिहिते. का, असे स्वतःला विचारल्यावर ‘बरोबरीचे सगळे झाले म्हणून’ एवढेच उत्तर सापडते. तिला रस असतो किचकट बिघाड शोधण्यात, आणि त्या खुर्चीवर बसल्यावर दिवस जाणार बैठकांत. ‘स्मार्ट’च्या पाचही अटींत तिचे वाक्य चपखल बसते, तरी ते तिचे नाही.

ध्येय आपलेच असले तरी नव्याचे नऊ दिवस संपतात. त्यावर पीटर गोलवित्झर यांनी सुचवलेला ‘जर-तर’ संकल्प साधा आणि बराच तपासलेला उपाय आहे: ‘रोज अभ्यास करीन’ याऐवजी ‘सकाळचा चहा संपला की पहिला अर्धा तास फक्त हेच’. ठरवलेली वेळ समोर आली की पुन्हा मनाशी झगडावे लागत नाही. लागणाऱ्या वेळाचा अंदाज मात्र जवळजवळ सर्वांचाच कमी निघतो. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये याला नियोजनातला भ्रम म्हटले.

ध्येये लिहून ठेवणाऱ्या ३ टक्के विद्यार्थ्यांची संपत्ती वीस वर्षांनी उरलेल्या ९७ टक्क्यांहून जास्त भरली, ही येल विद्यापीठाच्या १९५३ च्या तुकडीची गोष्ट प्रेरणादायी भाषणांत हमखास येते. असा अभ्यास कधी झालाच नाही. लिहिण्याचा उपयोग आहे, पण तो विचार स्पष्ट होण्यापुरता.

अतिरेकाचे तोटेही नोंदले गेले आहेत. आकड्यावरच डोळा ठेवला की बाकीचे दिसेनासे होते, आडमार्गाचा मोह होतो. जॉन क्रम्बोल्ट्झ यांनी तर योगायोगाला करिअरचा रीतसर घटक मानले: अचानक आलेली संधी ओळखता यावी इतके कुतूहल आणि लवचिकपणा राखणे हेही नियोजनच. कार्स्टन व्रॉश आणि सहकाऱ्यांच्या संशोधनात, आवाक्याबाहेर गेलेले ध्येय सोडून नव्याकडे वळू शकणारी माणसे तुलनेने सुखी आढळली. सोडण्याची वेळ कोणती, याचे सूत्र मात्र कोणत्याही पद्धतीत दिलेले नाही.